सोंग आणि माणूस : कॅरल ओ’कॉनर

वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात कापडाने मढवलेली एक जुनाट खुर्ची आहे. जुन्या सामानाच्या दुकानातून थोडक्या डॉलरांत आणलेली ही खुर्ची १९७८ साली समारंभपूर्वक संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आली. गंमत अशी की, या खुर्चीचा मालक कधी जन्मालाच आला नव्हता. त्याचे नाव आर्ची बंकर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावरचा मुकादम. काळे, ज्यू, पोलिश, पोर्टो रिकन, बायका, विद्यार्थी अशा यच्चयावत सर्वांविषयी त्याची मते ठरलेली, आणि ती सगळी वाईट. हा काल्पनिक गृहस्थ एका दूरचित्रवाणी मालिकेतून सबंध देशाच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला, आणि त्याला तेथे बसवले ते कॅरल ओ’कॉनर या नटाने. या भूमिकेसाठी ओ’कॉनरला चार वेळा एमी पारितोषिक मिळाले आणि पुढे एका अगदी वेगळ्या भूमिकेसाठी पाचवे. मला गोष्ट सांगायची आहे ती या नटाची. पण आर्चीला वगळून ती सांगता येत नाही. हीच त्याच्या आयुष्यातली गंमत आणि थोडेसे दुखणेही.

ओ’कॉनरचा जन्म २ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्क शहरात एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. वडील वकील, आई शिक्षिका. तीन भावांत हा थोरला. धाकटे दोघेही पुढे डॉक्टर झाले. ज्या क्वीन्समध्ये पुढे आर्चीचे घर दाखवले गेले, त्याच भागात त्याचे बरेचसे बालपण गेले. आर्चीची बोली, त्याचे नाकातून निघणारे स्वर, उच्चारांतले आडमुठे वळण हे सारे त्याच्या कानांनी लहानपणीच टिपून ठेवले असणार. मात्र घरात पुस्तके होती, शिक्षणाची चाड होती. म्हणजे गल्ली आर्चीची, पण घर आर्चीचे नव्हे.

१९४१ साली तो नॉर्थ कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट महाविद्यालयात दाखल झाला, पण अमेरिका युद्धात उतरली आणि शिक्षण थांबले. नौदलाने त्याला घेतले नाही. मग व्यापारी जहाजांवर नोकरी करीत त्याने युद्धाची वर्षे काढली. युद्ध संपल्यावर तो गेला थेट पश्चिमेकडील डोंगराळ मोंटाना राज्याच्या विद्यापीठात. तेथला एक प्रसंग आपल्यासारख्या महाविद्यालयीन अंकाच्या वाचकांना जवळचा वाटावा. विद्यार्थ्यांच्या ‘कायमिन’ या वृत्तपत्राच्या संपादनाचे काम तो पाहत होता. १९४९ साली त्यात एक व्यंगचित्र आले. शिक्षण मंडळाचे सभासद म्हणजे विद्यापीठाच्या पैशांची पिशवी कुरतडणारे उंदीर, असे ते चित्र. वरिष्ठांचे पित्त खवळले, अंक जप्त करून नष्ट करण्यात आला, आणि ओ’कॉनरने निषेध म्हणून संपादकपद सोडले. पुढे ज्याला जग एका दुराग्रही माणसाच्या तोंडवळ्यानेच ओळखणार होते, त्याच्या सार्वजनिक आयुष्याची ही सुरुवात मला फार बोलकी वाटते.

मोंटानातच त्याला नॅन्सी फील्ड्स ही सहाध्यायिनी भेटली. धाकटा भाऊ ह्यू आयर्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊ इच्छित होता. त्याच्या निमित्ताने हाही डब्लिनला गेला आणि तेथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकू लागला. नॅन्सी पाठोपाठ आली आणि १९५१ साली डब्लिनमध्येच त्यांचे लग्न झाले. त्या शहरात गेट थिएटर नावाची नामांकित नाट्यसंस्था होती. शेक्सपिअर, शॉ यांची नाटके तेथे होत. ओ’कॉनर नट झाला तो येथे. त्याची घडण दूरचित्रवाणीची नाही, रंगभूमीची आहे. त्याचे काम पाहताना हे पदोपदी जाणवते. समोरचा नट बोलत असताना तो नुसता आपल्या वाक्याची वाट पाहत नाही; तो ऐकतो, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत जातो.

१९५४ साली जोडपे न्यूयॉर्कला परतले. तेथे कोणी दारात उभे करीना. तीस वर्षांचा, अंगाने भरलेला, चेहऱ्याने चारचौघांसारखा नट कोणाला हवा होता? ओ’कॉनरने शाळांत बदली शिक्षकाचे काम केले. १९५६ साली मोंटानाला जाऊन एम. ए. ही करून टाकले. १९५८ साली जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर आधारलेल्या ‘युलिसिस इन नाइटटाउन’ या नाटकात बर्जेस मेरेडिथ या दिग्दर्शकाने त्याला बक मलिगनची भूमिका दिली, आणि गाडी हलली. मग छोट्यामोठ्या भूमिकांची रांग लागली. ‘क्लिओपात्रा’त तो सीझरवर पहिला घाव घालणारा कॅस्का होता, ‘पॉइंट ब्लँक’ (१९६७) मध्ये गुन्हेगारी टोळीतला बडा असामी, ‘केलीज हीरोज’ (१९७०) मध्ये आरडाओरडा करणारा सेनापती. प्रेक्षकांना चेहरा ओळखीचा वाटे, नाव आठवत नसे. ‘क्लिओपात्रा’चे चित्रीकरण रोममध्ये चालू असताना, १९६२ साली, ओ’कॉनर दांपत्याने तेथे एक सहा दिवसांचे मूल दत्तक घेतले. त्याच्या आदल्या वर्षी धाकटा भाऊ ह्यू मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. बाळाचे नाव ह्यू ठेवले.

लंडनच्या बी. बी. सी.वर त्या दशकात ‘टिल डेथ अस डू पार्ट’ नावाची मालिका गाजत होती. तोंडाळ, वर्णद्वेष्टा, हेकट असा आल्फ गार्नेट हा तिचा नायक. ते काम करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू आणि विचारांनी डावा. नॉर्मन लिअर या अमेरिकन निर्मात्याला ही कल्पना पसंत पडली, कारण त्याचे स्वतःचे वडील काहीसे याच वळणाचे होते. त्याने ओ’कॉनरला विचारले. तेव्हा ओ’कॉनर रोममध्ये राहत होता. ही मालिका काही आठवड्यांतच बंद पडणार याविषयी त्याची इतकी खात्री होती की, परतीच्या विमानभाड्याची हमी त्याने मागून घेतली. त्याचे भाकीत अगदीच चुकले असेही नाही. ए. बी. सी. या कंपनीने दोन नमुना-भाग करवून घेतले आणि दोन्ही नाकारले. अखेर सी. बी. एस.ने धाडस केले आणि १२ जानेवारी १९७१ रोजी ‘ऑल इन द फॅमिली’चा पहिला भाग दाखवला गेला. आपल्या मुंबई दूरदर्शनचा जन्म त्यानंतर पावणेदोन वर्षांनी झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येतो. भाग सुरू होण्यापूर्वी कंपनीने एक खुलासा वाचून दाखवला. मानवी दोषांवर हसत हसत प्रकाश टाकण्याचा हा प्रयत्न आहे, अशा अर्थाचा. तक्रारींच्या भडिमाराला तोंड देण्यासाठी दूरध्वनीवर जादा माणसे बसवली होती. पण ज्याची भीती होती तो भडिमार झालाच नाही.

मालिकेचा संसार लहान होता. आर्ची, त्याची भोळी पण शहाणी बायको ईडिथ, मुलगी ग्लोरिया, आणि जावई माइक. हा माइक पोलिश वंशाचा, पुरोगामी विचारांचा विद्यार्थी. आणि खिशात दमडी नसल्याने सासऱ्याच्या घरी मुक्काम ठोकून बसलेला. घरजावई म्हटला की अर्धी गोष्ट आपल्याला न सांगताच कळते. जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपे. व्हिएतनामचे युद्ध, काळ्यांचे हक्क, स्त्रियांचे हक्क, देव, कर असा एकही विषय सुटत नसे. शेजारी जेफरसन हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलेले, म्हणजे आर्चीच्या जखमेवर रोजचे मीठ. प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, नाटकासारखा, हा खेळ चाले आणि त्याचे ध्वनिचित्रमुद्रण होई. सुरुवातीला प्रतिसाद बेताचा होता. पण उन्हाळ्यातील पुनःप्रक्षेपणांपासून तो वाढत गेला, आणि १९७१–७२ पासून सलग पाच हंगाम ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन एका भागावर आपल्या सहकाऱ्यांपाशी चडफडल्याचे व्हाइट हाउसमधील ध्वनिमुद्रणांत सापडले आहे.

या यशात लेखकांचा वाटा मोठा आहे. पण मी या मालिकेचे जे भाग पाहिले, त्यांत मला सर्वांत थक्क केले ते ओ’कॉनरच्या एका निर्णयाने. आर्चीला बुजगावणे करणे फार सोपे होते. डोळे वटारायचे, मूर्खासारखे बोलायचे, प्रेक्षक हसणार आणि आपण शहाणे आहोत या समाधानात घरी जाणार. ओ’कॉनरने तसे केले नाही. त्याने आर्चीला भीती दिली. आपली गल्ली बदलते आहे, आपली मुलगी बदलते आहे, आपल्याला कळणारे जग आपल्या पायाखालून सरकते आहे, याची भीती. मोठमोठे शब्द वापरण्याची हौस आणि त्यातला हटकून एक चुकवण्याची खोड यांतही हीच भीती आहे. कमी शिकलेल्या माणसाला चारचौघांत कमी दिसण्याची वाटते ती.

स्वतः ओ’कॉनर आर्चीच्या विरुद्ध टोकाचा. राजकारणात उदारमतवादी, १९८० साली एडवर्ड केनेडी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते तेव्हा त्यांच्या जाहिरातीत तो उघडपणे बोलला होता. आणि तरी आर्चीची बाजू तो जिवावर उदार होऊन लढे. संहिता हाती आली की तो ती फाडून काढी, पुन्हा लिही, लिअरशी कडाक्याचे भांडण करी. दुसऱ्या हंगामात आर्ची काही अनोळखी माणसांबरोबर लिफ्टमध्ये अडकतो आणि त्यातली पोर्टो रिकन स्त्री तेथेच बाळंत होते, असा भाग लिहिला गेला. हे होणे नाही, मी करणार नाही, असे ओ’कॉनरने साफ सांगितले. प्रकरण वकिलांपर्यंत गेले. लिअर हटला नाही. शेवटी ओ’कॉनरने काम केले, आणि त्या भागातला अखेरचा क्षण पाहावा. मूल जन्मते आहे, पण कॅमेरा आहे आर्चीच्या चेहऱ्यावर. पहिले रडणे ऐकू येते आणि त्या आडमुठ्या चेहऱ्यावर जे काही उमलते, त्याला उद्गाराचीही गरज उरत नाही. या भांडणात लिअरचे बरोबर होते असे मला वाटते. पण तो चेहरा लिअरने लिहिलेला नव्हता.

पैशासाठीही भांडण झाले. १९७४ साली कराराच्या वादातून ओ’कॉनर कामावर आलाच नाही, आणि लेखकांना आर्ची बेपत्ता झाला अशी कथा रचून काही भाग ढकलावे लागले. कलावंताच्या चरित्रात अशा गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. आर्ची लाडका झाला. त्याच्या नावाचे बिल्ले निघाले, पुस्तके निघाली. तेव्हा काहींनी विचारले, हे चालले आहे ते काय? १९७१ सालीच लॉरा हॉब्सन या लेखिकेने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे की, खरा द्वेष्टा याहून फार विखारी शब्द वापरतो. ते गाळून, त्याला गोंडस करून तुम्ही द्वेषच घरोघरी सुसह्य करीत आहात. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिका व कॅनडातील प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष लिअरला आवडण्यासारखा नव्हता. ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची हाच शहाणा वाटत होता आणि वादात तोच जिंकतो असे दिसत होते. म्हणजे आरसा समोर धरला, पण पाहणाऱ्याने त्यात आपले रूप पाहून मिशीला पीळ दिला.

हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. ओ’कॉनरला रस्त्यात भेटणारी माणसे आर्ची म्हणूनच हाक मारीत. त्यांतल्या कितीजणांना विनोद कळला होता आणि कितीजणांना आपला वकील सापडला होता, हे कोणी मोजावे? तरीही मला ओ’कॉनरचाच मार्ग बरोबर वाटतो, आणि त्याचे कारण १९७८ सालच्या एका भागात आहे. आर्ची आणि माइक एका कोठीच्या खोलीत रात्रभर अडकून पडले आहेत. थंडी आहे, दारूच्या बाटल्या आहेत. पितापिता आर्ची लहानपणाचे सांगू लागतो. घरची इतकी गरिबी की एका पायात जोडा आणि दुसऱ्या पायात बूट घालून शाळेत जावे लागले, आणि पोरांनी त्यावरून नाव पाडले. मग वडिलांविषयी बोलतो. बाप हात धरून फिरायला नेई, कष्ट करून पोसे, मारीही. काळ्यांविषयीचे ते शब्द त्याने बापाच्याच तोंडून ऐकलेले. माइक म्हणतो, तुझा बाप चुकला होता. आर्चीला हे समजूच शकत नाही. ज्याने आपल्यावर एवढी माया केली त्याने आपल्याला चुकीचे कसे शिकवले असेल? हे बोलताना ओ’कॉनरचा आवाज हळूहळू लहान मुलाचा होत जातो. द्वेष मायेच्या हाताने भरवला जातो, हे कोणत्याही समाजशास्त्राच्या पुस्तकाने मला इतके स्पष्ट सांगितले नव्हते. बुजगावण्याच्या तोंडी हे भाषण शोभले नसते.

‘ऑल इन द फॅमिली’ १९७९ साली संपली आणि ‘आर्ची बंकर्स प्लेस’ या नावाने आर्ची आणखी चार वर्षे चालला. ईडिथचे काम करणारी जीन स्टेपलटन हिने निरोप घेतला, तेव्हा ईडिथ वारली असे दाखवावे लागले. १९८० सालच्या त्या भागात आर्ची शोक करायचेच नाकारतो. मग एके क्षणी पलंगाखाली बायकोची एक सपाता हाती लागते, आणि बांध फुटतो. या भागासाठी ओ’कॉनरला पीबडी पारितोषिक मिळाले. पुढची मालिका एकंदरीने सामान्यच होती. त्या एका सपातेसाठी ती लक्षात राहते.

१९८८ साली ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आली. १९६७ च्या गाजलेल्या चित्रपटावरून काढलेली ही मालिका मिसिसिपी राज्यातील स्पार्टा नावाच्या गावात घडते. गोरा पोलीस प्रमुख बिल गिलेस्पी आणि त्याचा कृष्णवर्णीय सहकारी व्हर्जिल टिब्स यांची ही कथा. ओ’कॉनर गिलेस्पी झाला. पूर्वग्रहांत वाढलेला, पण त्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर येत असलेला दक्षिणी माणूस. मालिकेच्या शेवटच्या काळात हा गिलेस्पी एका कृष्णवर्णीय नगरसेविकेशी विवाह करतो. आर्चीने ते पाहिले असते तर खुर्चीवरून उडी मारली असती! ओ’कॉनर या मालिकेचा निर्माता झाला आणि मॅट हॅरिस या टोपणनावाने लेखनही करू लागला. १९८९ साली त्याच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी गंभीर भूमिकेसाठी एमीही मिळाले. मुलगा ह्यू याच मालिकेत लॉनी जेमिसन या तरुण पोलिसाचे काम करीत होता. बापाच्या हाताखाली, बापाच्या डोळ्यांसमोर.

डोळ्यांसमोर ठेवण्याचे कारण होते. सोळाव्या वर्षी ह्यूला हॉजकिन्स हा कर्करोग झाला. त्यातून तो वाचला. पण त्या आजारपणापासून अमली पदार्थांची सवय लागली आणि ती सुटली नाही. उपचार झाले, पुन्हा सुरू, पुन्हा उपचार. २८ मार्च १९९५ रोजी, आपल्या लग्नाच्या वाढदिवशी, ह्यूने आत्महत्या केली. तो तेहेतीस वर्षांचाही नव्हता.

त्यानंतर ओ’कॉनरने जे केले त्याला संहिता नव्हती. मुलाला कोकेन पुरवणाऱ्या माणसाचे नाव त्याने वृत्तप्रतिनिधींसमोर उघडपणे घेतले आणि मृत्यूची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्या माणसाला कोकेन पुरवल्याबद्दल तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्याने ओ’कॉनरवरच अब्रूनुकसानीचा दावा लावला. मुलाच्या मरणाची सारी चिरफाड न्यायालयात पुन्हा झाली, म्हातारा बाप साक्षीला उभा राहिला, आणि १९९७ साली ज्यूरीने ओ’कॉनरच्या बाजूने निकाल दिला. व्यसनी माणसाच्या कुटुंबाला अमली पदार्थ विकणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता यावा, असा कायदा कॅलिफोर्नियात व्हावा म्हणून नवरा-बायको झटले, आणि तो कायदा झाला. दूरचित्रवाणीवरून तो पालकांना कळकळीने सांगू लागला की, मुलाच्या आणि त्या विषाच्या मध्ये उभे राहा, वाटेल ते करा. ज्या चेहऱ्यावर देश एक तप हसला होता, तो चेहरा आता हे सांगत होता. सल्ल्यावर मतभेद होऊ शकतील. व्यसनाच्या प्रश्नाला केवळ विक्रेता जबाबदार नसतो, असे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. पण कोठीच्या खोलीत बापाचा हात आठवणारा आर्ची ज्याने उभा केला, त्याला आता आपलाच हात कोठे कमी पडला याचा हिशेब करीत बसावे लागले, हे माझ्या मनातून जात नाही.

१९९८ साली त्याचे आत्मचरित्र निघाले. २००० साली ‘रिटर्न टू मी’ या चित्रपटात त्याने एका प्रेमळ आयरिश आजोबाची भूमिका केली. डब्लिनमध्ये शिकलेले आयरिश वळणाचे बोलणे तेथे कामी आले. त्याच वर्षी हॉलिवुडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसवला गेला. मधुमेह जुना होता, हृदय थकलेले होते. २१ जून २००१ रोजी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ७६ वर्षांचे होते. डब्लिनमध्ये झालेल्या लग्नाला पन्नास वर्षे पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते. नॅन्सी त्याच्याजवळ होती.